बामनी मळ्याच्या पार्बताबाई

पार्बताबाईंचा व हे लिहिणाऱ्याचा परिचय अंजनगाव सुर्जी येथील प्रौढ साक्षरता वर्गात झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका खोलीत शनिवारी व रविवारी दुपारी हा वर्ग भरत असे आणि हे लिहिणारा तेथे मदतीला बसत असे. बसावयास लहान मुलांचेच बाक असल्यामुळे सर्व वयस्कर विद्यार्थ्यांचे गुडघे हनुवटीला लागत. पहिल्या दिवशी शेजारची जागा रिकामी होती म्हणून पार्बताबाईंना "बसा" म्हटले, तेव्हा त्यांनी आधी वाकून बाकाखाली पाहिले आणि मग विचारले, "इथी कोन बसत होतं? अन् थे उठून काहून गेलं?" येथे कोणीच बसत नव्हते, असे सांगून पाहिले. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि त्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढे त्या मळ्यातील फुले वर्गात आणू लागल्या, आणि फुलांबरोबर थोडेथोडे बोलणेही आले. खाली जे लिहिले आहे त्यातील बहुतेक त्यांनी स्वतः सांगितले आहे. काही वर्गात सर्वांच्या समक्ष घडले.

संशय हा त्यांचा श्वासच होता. एसटीच्या थांब्यावर गाडी आली की त्या तीन जणांना विचारीत, ही कुठे जाते. तिघांनी वेगवेगळे सांगितले तर त्या चढत नसत. आणि तिघांनी एकच सांगितले तर, हे आधीच ठरवून आलेले दिसतात, असे म्हणून वाहकाकडे वळत. मळ्यातील फुले त्या अंजनगावच्या बाजारात विकीत. दसरा-दिवाळीला गठ्ठे घेऊन अमरावतीस राजापेठेपर्यंत जात. तेथे भाव ऐकताना त्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहत. खोटे बोलणारा माणूस पाय हलवतो, असे त्यांचे मत होते.

या वयात शिकावयास का आलात, असे वर्ग घेणाऱ्या माधवी मॅडमनी पहिल्याच दिवशी सर्वांना विचारले होते. कोणी सांगितले, नातवाला गोष्ट वाचून दाखवायची आहे. कोणी सांगितले, अंगठा लावायची लाज वाटते. पासष्टी ओलांडलेल्या पार्बताबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिंदगीभर लोकायनं मले वाचून दाखवलं. त्यायनं जे वाचलं थेच तती लिवलं होतं का, हे मले पाहाचं हाये."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्या दिवशीचा पाठ म्हणून सर्वांकडून गिरवून घेतले.

शहानूर नदीच्या काठाला पार्बताबाईंचा मळा आहे. सात-बाऱ्यावर त्याला नुसता गट क्रमांक असला, तरी गावाच्या तोंडी त्याचे नाव बामनी मळा. नावामागची हकीकत त्यांच्या सासरी अशी सांगत: फार पूर्वी हा मळा एका ब्राह्मणाचा होता. तो काशीला निघाला तेव्हा, मी परत येईपर्यंत तेवढे झाडांना पाणी घाला, असे सांगून त्याने तो या माळी घराच्या स्वाधीन केला. पुष्कळ वर्षांनी तो दाढी वाढलेला, रोडावलेला असा परत आला, तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाने त्याला विचारले, "तुमी कोन?" ब्राह्मण वाद घालत बसला नाही. विहिरीचे पाणी प्यायला आणि म्हणाला, या जागेत तुमच्या घरचा मांडव घातला तर तो टिकणार नाही. एवढे बोलून तो गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही.

तेव्हापासून त्या मळ्यात मांडवाची मेढ रोवली जात नाही. सर्वपित्री अमावास्येला घरच्या पितरांची पाने वाढून झाली की एक जास्तीचे पान विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचे पाणी पडायच्या दगडी कट्ट्यावर, ठेवायचे, त्या ब्राह्मणाच्या नावाने. ते कोण खाते हे पाहण्यासाठी थांबायचे नाही.

पार्बताबाई या घरात आल्या त्या वेळी त्यांच्या साखरपुड्याची पंगत, घर अपुरे पडले म्हणून, मळ्यातल्या आंब्याखाली बसली होती. मांडव नव्हता, मेढ नव्हती. नुसत्या पत्रावळ्या होत्या. पुढे काही वर्षांनी त्यांचे पती पंजाबराव काविळीने गेले. मुलगी साधना तेव्हा अंगणवाडीत जात होती. भरल्या घरात, आलेल्या पाहुण्यांसमोर थोरल्या जाऊबाई वच्छलाबाई म्हणाल्या, "बामनानं उचललं. मळ्यात जेवनं झाली ना हिची!" ते शब्द मग घरात राहिले. कोणी आजारी पडले, गाय आटली, विहिरीचे पाणी खाली गेले, की ते शब्द कोपऱ्यातून बाहेर येत आणि काम झाले की परत जाऊन बसत.

दोन वर्षांनी वाटणी झाली. ती तोंडीच झाली. गावातील चार माणसे बसली, चहा प्याली आणि उठली. सडकेलगतची काळी कसदार जमीन थोरले भासरे, म्हणजे वच्छलाबाईंचे यजमान, सूर्यभानजी यांनी ठेवली आणि बामनी मळा विधवा भावजयीच्या पदरात टाकला. ज्याचे पान त्यानेच वाढावे, असे कोणीसे म्हणाले. पार्बताबाईंनी तेथे शेवंती लावली, झेंडू लावला, गुलाबाची कलमे आणली. साधनाचे लग्न त्यांनी गावातील मंगल कार्यालयात लावून दिले. दरवर्षी अमावास्येला पान मात्र न चुकता ठेवले.

"असला तं जेवते," त्या म्हणत. "नसला तं कावळा जेवते. मायं काय जाते?"

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, परंतु ती त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. अंजनगावच्या शिवारात हरभऱ्याला घाटे धरले की वाटसरूच निम्मे सोलून खातात. संत्र्याच्या बागेला राखणदार लागतो. पानपिंपरी या औषधी वेलाचे वाफे राखायला कुत्री बांधावी लागतात. बामनी मळ्यातील फूल मात्र कोणी तोडत नसे. एकट्या बाईचा मळा. कुंपण म्हणजे बाभळीच्या चार काट्या. तरी कोणाचे ढोर आत येत नव्हते. आलेच तर मालक धावत येऊन हात जोडून ढोर घेऊन जाई.

अशा स्थितीत गेल्या पावसाळ्यात माधवी मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिले.

माधवी मॅडम अमरावतीला राजापेठेत राहतात आणि इतिहास विषय घेऊन एम. ए. करीत आहेत. अंजनगाव हे त्यांचे आजोळ. त्यामुळे शनिवार-रविवारी येऊन त्या वर्ग घेत. पुस्तकातील धडे संपले म्हणून त्यांनी वऱ्हाडाच्या इतिहासाचे सोपे पाठ स्वतः लिहायला घेतले होते. त्या दिवशीचे वाक्य होते: वऱ्हाडावर पूर्वी बहमनी राजांचे राज्य होते. त्यांनी पार्बताबाईंना वाचायला सांगितले.

पार्बताबाईंनी बोट हवेत धरून एकेक अक्षर जुळवले. "वऱ्हाडावर... पूर्वी... बामनी राजांचे राज्य होते."

"घ्या!" मागच्या बाकावरून जानराव ओरडले. ते शहाण्या माणसासारखे कधी बसतच नसत. "पार्बताबाईचा मळा आला फळ्यावर! आता मॅडम फेरफार करून घेते वाटते!"

सारे हसले. मॅडम म्हणाल्या, "आजी, मधला 'ह' राहिला."

पार्बताबाई उठून फळ्यापाशी गेल्या आणि ते अक्षर शोधून त्यावर बोट ठेवले. "हा व्हय? हा आमच्या तोंडात राह्यतच नाही, मॅडम. आमी पयल्यापासून असंच म्हनतो."

"काय म्हणता?"

"बामनी. आमचा मळा हाये बामनी."

मॅडमच्या हातातील खडू जागीच थांबला. त्यांच्या डोळ्यांत एकाएकी जो उजेड आला तो पार्बताबाईंना मुळीच आवडला नाही. असा उजेड त्यांनी पूर्वी जमिनीच्या दलालांच्या डोळ्यांत पाहिला होता.

"आजी, मला तो मळा दाखवाल का?"

"काहून?"

"असंच. पाहायला."

"असंच कोनी काई पाहत नाही," पार्बताबाई म्हणाल्या. तरी पण नाही म्हणता आले नाही, कारण मास्तरीण होती. रविवारी वर्ग सुटल्यावर त्या तिला घेऊन गेल्या. मात्र सरळ वाटेने न नेता नदीकडून वळसा घालून नेले, म्हणजे परत एकटीला येता येऊ नये.

माधवी मॅडम विहिरीपाशी पुष्कळ वेळ थांबल्या. आतील कमानीचा कोनाडा, चपट्या विटा, थारोळ्याचा घडीव दगड, हे सर्व त्यांनी वाकून पाहिले आणि मोबाइलमध्ये फोटो काढले. विहीर जुनी आहे, परंतु किती जुनी हे आपल्याला सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग दोघी थारोळ्यावर बसल्या.

"थे राजे बामन होते का, मॅडम?"

"नाही आजी, मुसलमान होते. पहिला राजा हसन. पावणेसातशे वर्षं झाली. दौलताबादेला त्याला गादीवर बसवलं, मग त्यानं गुलबर्ग्याला राजधानी केली. आपला वऱ्हाड त्याच्या राज्याच्या चार भागांतला एक. हे राजे स्वतःला इराणच्या फार जुन्या बहमन नावाच्या राजाचे वंशज म्हणवत. म्हणून बहमनी."

"म्हनवत."

"हो."

"म्हंजे होते, असं नाही."

मॅडमना हसू आले. "पुरावा नाही. आणि दुसरी एक कथा आहे, ती याच्या अगदी उलट. हसन लहानपणी गंगू नावाच्या ब्राह्मणाकडे चाकरीला होता म्हणे. शेत नांगरताना त्याला मोहरांचा हंडा लागला. तो त्यानं मालकाला नेऊन दिला. गंगूनं खूश होऊन त्याची पत्रिका पाहिली आणि सांगितलं, तू राजा होशील, तेव्हा माझं नाव लाव. म्हणून बहमनी म्हणजे ब्राह्मणी."

पार्बताबाईंनी डोळे बारीक केले. "नांगराले लागलेला हंडा त्यानं मालकाले नेऊन देल्ला?"

"कथा तसं सांगते."

"कोनं पाह्यलं?"

"कोणीच नाही. हसन मेल्यावर अडीचशे वर्षांनी एकानं लिहून ठेवलं. जाणकार लोक त्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत."

"मंग इरानवर ठेवतात?"

"त्यावरही नाही."

"बरं हाये." पार्बताबाई विहिरीत पाहत म्हणाल्या. "त्या राजालेबी मालूम नाही थो कोनाचा, अन् आमालेबी मालूम नाही मळा कोनाचा."

यावर माधवी मॅडमनी सावकाश आपला विचार मांडला. हा मळा कदाचित बहमनी राजांच्या काळातील बाग असेल. लोक 'बहमनी' म्हणत असतील. पुढे राजे गेले, मधला 'ह' गेला आणि 'बामनी' उरले. मग या नावाचा अर्थ काय, हे मुलांना सांगण्यासाठी कोणीतरी काशीला जाणारा ब्राह्मण उभा केला असेल. म्हणजे कदाचित कोणी फसवले गेलेच नाही. शापही कोणी दिला नाही.

पंगत, पत्रावळ्या, आंबा, वच्छलाबाईंचा आवाज, हे सर्व पार्बताबाईंच्या डोळ्यांसमोरून गेले. मग त्यांनी विचारले, "हे आनिक कोनाले सांगतलं तुमी?"

मॅडमनी विहिरीचा फोटो, खाली एक ओळ लिहून, त्याच घटकेला स्टेटसवर ठेवला होता.

चार दिवसांतच नितेश आला. नितेश हा सूर्यभानजींचा मुलगा. वडील वारल्यापासून घरचा कारभार त्याच्याकडे होता. लहानपणी तो या मळ्याच्या फाटकाशी चपला काढून उभा राही आणि तेथूनच "काकू, आईनं फुलं मांगितले" असे ओरडून पळून जाई. त्या दिवशी मात्र त्याने मोटरसायकल थेट विहिरीपर्यंत आणली. हातात पेढ्यांचा डबा होता.

"काकू, तब्येत कशी हाये?"

"तुया बाप गेल्यापासून आज इचारून राह्यला," पार्बताबाई निंदणी न थांबवता म्हणाल्या. "कोनाची तब्येत बिघडली?"

"काय काकू तुमीबी! घरचं मानूस म्हनून आलो."

"मंग पेढे कायले? घरच्या मानसाले कोनी पेढे आनते का?"

नितेशने डबा थारोळ्यावर ठेवला आणि मुद्द्यावर आला. मळ्याच्या बदल्यात तो सडकेलगतची काळी जमीन द्यायला तयार होता. त्याला येथे लग्नासाठी लॉन करायचे होते. विहिरीवर रोषणाई, फाटकावर कमान, आणि नाव 'बहमनी शाही बाग'. दर्यापूरपासून अचलपूरपर्यंतच्या वराती येतील, असे तो म्हणाला.

"अन् बामन?"

"बामन नव्हताच, काकू! राजायचा मळा हाये हा. मास्तरीनीनंच टाकलं, साऱ्या गावानं पाह्यलं."

"मी नाही म्हटलं तं?"

नितेशने मोटरसायकलच्या आरशात पाहून केस नीट केले. "तुमची मर्जी. पन वाटनी तोंडीच झाली होती ना. कागदावर अजून दोनी घरायचं नाव हाये. उद्या सरकारी मोजनी आनली तं कोनाच्या वाट्याले काय येते, हे मी तरी कसं सांगू?" आणि त्याचे पाय हलले.

पार्बताबाईंनी खुरपे खाली ठेवले. काळ्या जमिनीचा त्यांना मोह नव्हता आणि विश्वासही नव्हता. कागदाचा ज्याला धाक घालता येतो, तो तीही उद्या परत घेईल. शेवंतीचे हे वाफे एवढेच त्यांचे स्वतःचे होते. ते गेले तर त्यांना साधनाच्या सासरी जाऊन तिच्या दारात बसावे लागणार होते.

"बामन नव्हता म्हनतं," त्या म्हणाल्या. "मंग तुया काका कायनं गेला?"

नितेश क्षणभर गोंधळला. मग मोबाइलकडे पाहत सहज म्हणाला, "काविळीनं, काकू. झाडपाल्यात दिवस घातले. दवाखान्यात उशिरा नेलं. बाबाच सांगत होते."

त्या घरातील माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकण्यासाठी पार्बताबाई अर्धे आयुष्य थांबल्या होत्या. ते आले, आणि आले ते त्यांचा मळा मागायला आलेल्या माणसाच्या तोंडून. त्यांनी पेढ्यांचा डबा उचलून त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "अमावास्येपर्यंत सांगतो."

नितेश व मास्तरीण यांचे आतून काही ठरले आहे, असा त्यांना दाट संशय आला. दुसऱ्या दिवशी फुलांचा गठ्ठा काखोटीस मारून त्या अमरावतीस गेल्या. राजापेठेत शिकवणी वर्गाच्या वर माधवी मॅडमची खोली आहे. जिन्यात मुलांच्या चपला-बुटांचा ढीग होता. पार्बताबाईंनी त्यात नितेशचे पांढरे बूट आहेत का हे पाहिले, आणि नाहीत अशी खात्री झाल्यावरच दार वाजवले.

"नितेशनं तुमाले काय देल्लं?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारले.

मॅडमचा चेहरा उतरला. नितेशला त्या ओळखतही नव्हत्या. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांना रडू आवरेना. "आजी, मी 'कदाचित' असं लिहिलं होतं हो. नक्की आहे असं कुठं म्हटलं मी?"

"दाखवा."

स्टेटस केव्हाच उडून गेले होते. परंतु फोटो व मजकूर मॅडमच्या मोबाइलमध्ये होता. पार्बताबाईंनी चश्मा लावला आणि अक्षर अक्षर जुळवून वाचले. कदाचित बहमनी काळातील बाग. पहिला शब्द त्यांनी पुन्हा वाचला. तो तेथे होता.

"हाये," त्या म्हणाल्या. "नितेशनं तेवढाच वाचला नाही." आणि मग प्रथमच त्या मॅडमच्या घरात, भिंतीला टेकून, निवांत बसल्या. चहा घेतला. कपाच्या तळाशी पाहिले नाही.

"मॅडम, मले एक सांगा. त्या हसनले इरान कायले लागला? गादी तं भेटलीच होती."

मॅडमनी डोळे पुसले आणि विचार करून उत्तर दिले. आजूबाजूला मोठमोठे सरदार होते, परदेशातून आलेले, कुळाचा अभिमान असलेले. उद्या त्यातील कोणी म्हणाला असता, हा कोण कुठला, आम्ही याला मुजरा का करायचा? म्हणून जुन्या राजवंशाशी नाते सांगितले. कवींकडून गाऊन घेतले, दरवाज्यांवर कोरून घेतले.

"अन् कोनी इचारलं नाही, दाखवा म्हनून?"

"तलवार ज्याच्या हातात, त्याला कोण विचारणार?"

परतीच्या गाडीत पार्बताबाई खिडकीशी बसल्या होत्या. ही गाडी कुठे जाते, असे त्या दिवशी त्यांनी कोणालाही विचारले नाही. पाटी स्वतः वाचली होती. हसन राजाचा त्यांना आता राग येत नव्हता. आपला मळा इतकी वर्षे कोणी राखला, हे त्या मनाशी लावून पाहत होत्या. पंचांनी राखला नव्हता, कागदाने नव्हता, भासऱ्यांच्या शब्दाने तर नव्हताच. "त्याले इरान लागला," त्या नंतर एकदा बोलल्या, "तसा मले बामन लागते. त्याच्यापाशी तलवार तरी होती."

सर्वपित्री अमावास्येला त्यांनी वच्छलाबाईंना व नितेशला मळ्यात जेवावयास बोलावले. वच्छलाबाई फाटकाशी चपला काढूनच आत आल्या. कढी, वडे, गंगाफळाची म्हणजे तांबड्या भोपळ्याची भाजी, गव्हाची खीर असा सर्व स्वयंपाक होता. पितरांची पाने घरी होऊन गेली होती. एक पळसाचे पान तेवढे वाढून झाकून ठेवले होते.

"नितेश," पार्बताबाई शांतपणे म्हणाल्या, "तुयं म्हननं मले पटून राह्यलं. मीबी आता शिकली. बामन नाही तं नाही. मंग हे पान ठेवाचं कायले? तूच उचल, अन् गाईले घाल."

नितेशने आईकडे पाहिले.

"अन् लॉन होईन तं होऊ दे. पन पयली मेढ घरची पायजे. वर्षालीचं लग्न हायेच दिवाळीनंतर. तिचाच मांडव टाक इथी. अकोल्याच्या पाव्हन्यायले सांग, आमच्या शाही बागेत लग्न हाये म्हन. मांडव पडला, अक्षता पडल्या, का मी मळा लिवून देतो."

वर्षाली ही नितेशची धाकटी बहीण. तिचे अकोल्याच्या जुन्या शहरातील घरी जमले होते.

वच्छलाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "पार्बता! काय बोलून राह्यली वं तू? तिचं नाव कायले घेतं या जागी?"

"काहून बाई? बामन तं नाही ना."

"आई," नितेश हळूच म्हणाला, "तूच तं म्हनत होती, तसं काई नसते..."

"मी मळ्याचं म्हटलं होतं! पोरीचं म्हटलं होतं का?"

"काकू मुद्दाम करून राह्यली, आई. तुले समजत नाही का?"

"समजते मले! तुले येवढं समजते तं उचल ना पान. उचल!"

नितेश वाकला. पळसाच्या पानापर्यंत त्याचा हात गेला. मग तो हात त्याने तसाच वळवून खिशात घातला आणि मोबाइल काढून, कोणाचा फोन आला नसताना, कानाला लावून तो फाटकाकडे चालू लागला.

वच्छलाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. ते पान दोन्ही हातांनी उचलले, थारोळ्यावर नेऊन ठेवले, आणि कपाळ दगडाला टेकवून पुटपुटल्या, "पोराचं बोलनं मनावर घेऊ नोको रे बाप्पा. लेकरू हाये." मागे वळून न पाहता त्या निघाल्या. फाटकाशी त्यांना पार्बताबाईंनी गाठले.

"बाई, मंग कागदावर करून टाका. मळा माया नावानं, काळी तुमच्या. दोनी घरायचं नाव राह्यलं, का उद्या कोनाचीबी बुद्धी फिरते. अन् बामन काई माया एकटीवर कोपनार नाही."

दसऱ्यानंतर वाटणीपत्र झाले. नितेशने तोंड फुगवून सही केली. पार्बताबाईंनी प्रत्येक पान स्वतः वाचले. मागे उभे असलेले लोक कंटाळून जाऊन चहा पिऊन आले, तरी त्या वाचतच होत्या. अंगठ्याच्या जागी त्यांनी आपले नाव लिहिले.

वर्षालीचे लग्न अकोल्यात एका कार्यालयात झाले. मंडपाची सर्व शेवंती बामनी मळ्यातून गेली.

मळा राहिला याचा त्यांना आनंद झाला असेल, असे वर्गातील सर्वांना वाटले, आणि जानरावांनी तर त्यांना पेढे मागितले. त्या नुसत्या हसल्या. पुढे एके दिवशी वर्ग सुरू होण्याआधी गजऱ्यासाठी दोरा काढता काढता त्या म्हणाल्या, "बामन राह्यला, म्हंजे साधनाच्या बाबाले उचलनाराबी थोच राह्यला. वच्छलाबाई आता पुन्ना तसंच म्हनते. नितेश त्या दिवशी काविळीनं म्हटला होता. आता थोबी नाही म्हनत." एवढे बोलून त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

माधवी मॅडमनी आपल्या अभ्यासासाठी त्या विहिरीविषयी लिहू का, असे त्यांना विचारले होते. पार्बताबाईंनी पुष्कळ विचार करून उत्तर दिले की राजांचे खुशाल लिहावे, इराणचेही लिहावे. मळ्याचे मात्र राहू द्यावे. मॅडमनी ते मान्य केले. तरी पार्बताबाई अधूनमधून त्यांची वही मागून घेत आणि चाळून पाहत.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्या हे लिहिणाऱ्याच्या घरी आल्या. हातात लाल रंगाचा लहान डबा व कुंचला होता. फाटकावर नवा पत्रा बसवला आहे, असे त्यांनी सांगितले. आपले अक्षर अजून वाकडे येते, म्हणून लोक हसतील आणि हसले की त्यांचे भय जाईल, असेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी डबा ओट्यावर ठेवला.

"भाऊ, तुमचं अक्षर मोठं येते. त्या पत्र्यावर मले 'बामनी मळा' लिवून द्या. पन मधात ह घालू नोका."